‘उना’ आणि ‘उनात’

सकाळी साठीचा सालदार, म्हणजे वर्षाच्या ठरावावर राबणारा शेतमजूर, दारात येऊन उभा राहतो. ओट्यावर खेळणारे आठ वर्षांचे पोर आत हाक देते, “आप्पा, सालदार उना!” तासाभराने मोटारसायकलवर बँकेचा साहेब येतो, वय पंचविशीचे. तेच पोर पुन्हा हाक देते, “आप्पा, साहेब उनात!” खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘उना’ म्हणजे आला आणि ‘उनात’ म्हणजे आले. फरक एका ‘त’चा. हा ‘त’ कुणाला लावायचा आणि कुणाला नाही, हे त्या पोराला कुणी पाटीवर लिहून दिलेले नाही. घरातली मोठी माणसे कुणाबद्दल कशी बोलतात ते त्याने ऐकले आणि बिनचूक उचलले.

मुलांना आईवडिलांशी आणि थोरामोठ्यांशी अहो-जाहो करायला शिकवावे की नाही, हा वाद जळगाव-धुळ्याकडे आता घराघरात ऐकू येतो. एक बाजू म्हणते, पोरे बापालाही अरे-तुरे करू लागली, वळण राहिले नाही. मग सुट्टीत त्यांना संस्कार शिबिरात घालतात. दुसरी बाजू म्हणते, अहो-जाहो ही जुन्या धाकाची खूण आहे, मुलाला मोकळे बोलू द्या. माझे मत पहिल्या बाजूचे आहे: शिकवावे, आणि आग्रहाने शिकवावे. मात्र मान वयाला द्यायचा असे आपण म्हणत असू, तर वय झालेल्या प्रत्येकाला तो मिळाला पाहिजे, सालदारालाही आणि घरातल्या आईलाही. तसे झाले नाही तर कोण ताकदवान आहे ते ओळखून त्याच्यापुरती जीभ सांभाळावी, एवढेच मूल शिकते.

आधी हे शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे, ते पाहू. ‘तुम्ही म्हण’ एवढे सांगून काम होत नाही, कारण मराठीत आदर एका शब्दात नसतो. तो वाक्यभर पसरलेला असतो. “बाबा, तुम्ही कधी येशील?” हे वाक्य घरोघर ऐकू येते. मुलाने सांगितल्याप्रमाणे सर्वनाम बदलले, क्रियापद मात्र जुनेच राहिले. ‘येशील’चे ‘याल’, ‘आलास’चे ‘आलात’, ‘करतोस’चे ‘करता’, ‘येऊ नको’चे ‘येऊ नका’ ही सगळी जोडी एकत्र बदलते. आज्ञार्थात ये-या, दे-द्या, घे-घ्या, बस-बसा, हो-व्हा असे सरळ चालते, पण ‘जा’, ‘खा’ आणि ‘गा’ यांना दोन्हीकडे एकच रूप आहे. “आजी, खा” हे एकेरी की आदराचे, ते कानाला कळतच नाही. तिथे “खा ना आजी”, “खाता का?” असे वळण घ्यावे लागते. मुलाला हे वळण दिले नाही तर मनात आदर असूनही वाक्य हुकुमासारखे बाहेर पडते, आणि आजी उगाच दुखावते.

खरी परीक्षा माणूस समोर नसताना होते. “काका आला” आणि “काका आले”, “काकाला सांग” आणि “काकांना सांग”, “काकाचा मोबाइल” आणि “काकांचा मोबाइल”. शेवटच्या जोडीत काकांचा सगळा मान एका अनुस्वारावर उभा आहे. मुले इथे हमखास घसरतात. तोंडावर “तुम्ही बसा” म्हणणारे मूल पाठ वळताच “तो गेला” म्हणते, कारण शिकवताना आपण तोंडावरच्या बोलण्यापुरतेच शिकवतो. हाच अनुस्वार मराठी घरातली एक मोठी गोष्टही सांगून जातो. “आईने सांगितले” म्हटले की बोलणाऱ्याची आई. “आईंनी सांगितले” म्हटले की बहुतेक वेळा सासू. नवऱ्याच्या आईला मिळणारा अनुस्वार स्वतःच्या आईला नाही.

आईचा हा प्रश्न इथेच घ्यायला हवा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्याभोवती आहे. आईला ‘तू’ म्हणणे हा मराठीत अपमान नाही. आपण देवालाही ‘तू’ म्हणतो. जवळीक जिथे पूर्ण आहे तिथे एकेरी शोभते, म्हणून उद्यापासून पोरांनी आईला ‘अहो आई’ म्हणावे असा हट्ट मी धरणार नाही. पण बहुतेक घरांत बाबांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ असते, आणि त्यामागे केवळ जवळीक नसते. बाबांशी बोलताना मूल “पाणी देता का?” म्हणते, आईशी बोलताना “पाणी दे!” म्हणते. दुसऱ्या वाक्यात खटकते ते ‘तू’ नव्हे. ‘तू’च्या घरातही सभ्य रूपे भरपूर आहेत: देशील का, आणशील का, येतेस का, जरा बघ ना. मुलाने ती आईशी बोलताना वापरली नाहीत, कारण घरात कुणीच आईशी तसे बोलत नाही. बाप तिला “चहा टाक” म्हणतो, आजी “इकडे ये” म्हणते, चुलता “जेवण वाढ” म्हणतो. पोर ऐकते आणि चौथा माणूस होते. आई-बाबा दोघांना ‘तुम्ही’ म्हणणारे घर मला पटते, दोघांना ‘तू’ म्हणणारे घरही पटते. बापाला भीतीने ‘तुम्ही’ आणि आईला गृहीत धरून ‘तू’, ही तिसरी रीत मात्र मोडायलाच हवी. ती मोडायची सुरुवात मुलापासून होत नाही. बापाने स्वतः “टाकतेस का जरा चहा?” म्हणायला लागावे, महिनाभरात फरक पोराच्या तोंडी दिसेल.

अहिराणीबद्दल एक गैरसमज शहरात गेलेल्या घरांनी फार पसरवला आहे: ही बोली रांगडी, हिच्यात मान-मरातब नाही, म्हणून मुलांशी ती बोलू नये. हे साफ चूक आहे. “तू कथा जाई ऱ्हायना?” आणि “तुम्ही कथा जाई ऱ्हायनात?”, “तुना नाव काय शे?” आणि “तुमना नाव काय शे?” इतकी स्वच्छ दुहेरी व्यवस्था या बोलीत आहे. “माय उनी” आणि “मॅडम उन्यात” हा फरकही ती करते. गावोगावचे उच्चार थोडे हलतात, चौकट तीच राहते. शिवाय सर्वनामाच्याही आधी खानदेशात आदर चालतो तो हाकेतून. आबा, अण्णा, नाना, तात्या, आप्पा, बापू, दादा, भाऊ, जिभाऊ. बायकांत माय, मोठी माय, अक्का, ताई, फुई. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे हेच इथे उद्धटपणाचे मानतात. नावामागे ‘नाना’ लागले की पुढचे क्रियापद आपोआप वर चढते; “सुकलाल नाना, तू बस” हे अहिराणी कानालाही खटकते. म्हणून लहान मुलाला आधी हाक शिकवावी आणि सर्वनाम मागून येऊ द्यावे. उलट केले की मूल ‘तुम्ही’चा पाठ घोकते आणि “ओ अंकल” म्हणून मोकळे होते. एका ‘अंकल’मध्ये काका, मामा, फुवा, शेजारचे नाना आणि अनोळखी रिक्षावाला सगळेच विरघळतात. मग कुणाशी कसे बोलायचे, हे ठरवायला मुलाकडे आधार उरत नाही.

एकत्र कुटुंबात तर हाका किती नकळत शिकल्या जातात ते पाहण्यासारखे आहे. धाकटे भाऊ थोरल्याला ‘दादा’ म्हणतात म्हणून थोरल्याची पोरेही बापाला ‘दादा’ म्हणतात. दीर ‘वहिनी’ म्हणतात म्हणून आईसुद्धा ‘वहिनी’ होते. कुणी शिकवत नाही, कुणी सुधारत नाही. कान हा इतका पक्का शिक्षक आहे.

तरीही सुधारावे लागतेच, आणि ते कसे करायचे यावर बरेच अवलंबून आहे. दोन-अडीच वर्षांचे मूल ‘मी’ आणि ‘तू’ यांतच अडखळत असते. त्याच्या ‘तू’कडे लक्ष देऊ नये. तीन ते सहा या वयात फक्त ऐकवावे. मूल म्हणाले, “आजोबा, तू जेवलास?” तर आजोबांनी आधी नातवाच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि उत्तरातच बरोबर रूप घालावे: “‘आजोबा, तुम्ही जेवलात का?’ हो रे, जेवलो. तू?” आवाज चढवायचा नाही, ‘पुन्हा म्हण’ म्हणायचे नाही. एका गप्पेत एक-दोन वेळा एवढे पुरे. दर वाक्याला अडवले की मूल आजोबांशी बोलणेच टाळू लागते, आणि ज्याच्यासाठी आदर शिकवायचा तो माणूसच दूर जातो. सहा-सात वर्षांनंतर, वाचन सुरू झाले की, जोड्या उघड सांगाव्यात. आलास-आलात, तुझा-तुमचा, त्याला-त्यांना. या वयात मुलाला नियम आवडतात, खेळासारखे ते एकमेकांना पकडतात. दहा-बारा वर्षांचे झाले की मग ‘का?’ विचारते, आणि त्याला उत्तर द्यावे लागते. “मोठे आहेत म्हणून” हे उत्तर त्या वयात चालत नाही.

तीन गोष्टींनी हे काम हमखास बिघडते. पाहुण्यांसमोर मुलाला टोकणे ही पहिली. तिथे मुलाला व्याकरण ऐकू येत नाही, लाज ऐकू येते. “आधी अहो म्हण, मग देतो” ही दुसरी. ही तर फार घरांत आहे. इथे आदर हे चॉकलेटचे भाडे ठरते, आणि काही मागायचे नसते तेव्हा मूल ते भाडे भरत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मार.

माराबद्दल शाळेत तर कायदाच स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई केली आहे. “सरांना तू म्हणतोस?” म्हणून लगावलेली चापट त्यात येते, आणि वर्गासमोर केलेला अपमानही येतो. ही चापट सगळ्यात जास्त अन्यायाची ठरते ती सातपुड्यात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यावर पावरी किंवा भिली बोलणारे, नवापूरकडे मावची बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा मराठी त्याची दुसरी भाषा असते. ते म्हणते, “सर, तू पुस्तक दे.” शिक्षकाला वाटते पोर उर्मट. पण या मुलाच्या कानावर आजवर कोणती मराठी पडली आहे? ये. बस. उठ. वाच. पाटी काढ. गप्प बस. शिक्षक त्याच्याशी जे बोलला ते सगळे एकेरी, आणि मुलाने तेच परत दिले.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. मराठीत अनेकवचन आणि आदरार्थी रूप एकच असते. पहिलीच्या शिक्षकाने सुरुवातीचे दोन महिने वर्गाशी जास्तीत जास्त अनेकवचनात बोलावे: बसा, उभे राहा, पुस्तके काढा, सांगा, तुम्ही काय पाहिलेत? एकट्या मुलालाही “सांगा बरं” म्हणायला हरकत नाही. मुलाच्या तोंडात ‘द्या’, ‘सांगा’, ‘या’ ही रूपे आधी बसतात आणि एकेरी नंतर मित्रांकडून येते. दोन शिक्षकांनी मुलांदेखत एकमेकांशी ‘तुम्ही’ने बोलावे. आणि शाळेत आलेल्या पालकाला, त्याच्या पायात चप्पल नसली तरी, “या, बसा” म्हणावे. आपल्या बापाला सर “काय रे, पोरगा शाळेत का येत नाही तुझा?” म्हणताना ज्या मुलाने ऐकले, त्याला ‘थोरांचा आदर करा’ हा सुविचार फळ्यावर कितीही सुंदर अक्षरात दिसला तरी उपयोग नाही. खानदेशाला हा धडा परका नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांची सेवा ते स्वतःच्या हाताने करत. त्यांच्याबद्दल मुलांना वाटणारा आदर त्या सेवेतून आला होता.

घरची बोली शाळेत चालू द्यावी, हेही याच कारणासाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली (अहिराणी तिच्यातच मोजली जाते) १८ लाखांहून जास्त भाषक आहेत. पण अहिराणी पोराने वर्गात “सर, तुम्ही कव्हय उनात?” असे नीट आदराने विचारले तरी वर्ग हसतो. शिक्षकाने त्या क्षणी थांबून सांगावे की यात ‘तुम्ही’ही आहे आणि ‘उनात’चा ‘त’ही आहे, वाक्य पूर्ण सभ्य आहे, आता हेच प्रमाण मराठीत कसे म्हणू? घरी मिळालेल्या आदराच्या व्यवस्थेवर शाळेचे मराठी चढवता येते. घरची व्यवस्था पुसून टाकली तर मुलाला पुन्हा शून्यापासून यावे लागते.

शहरात अडचण वेगळी आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात मूल घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलते. हिंदीच्या पायऱ्या तीन: तू, तुम, आप. मराठीचे ‘तुम्ही’ कानाला ‘तुम’च्या जवळचे, मानाने मात्र ‘आप’च्या जवळचे. मूल मित्राला ‘तुम’ म्हणते, म्हणून ‘तुम्ही’ही त्याला मधलेच, साधेच वाटू लागते आणि खास मानासाठी ते ‘आपण’ शोधते. ‘आपण’चा तर वेगळाच घोळ. “आपण कधी येणार?” या प्रश्नात समोरच्याचा मान आहे की ‘मी आणि तू दोघे’ आहोत, ते नुसत्या शब्दावरून कळत नाही. माझ्या मते बारा-तेरा वर्षांपर्यंत ‘आपण’ मान म्हणून शिकवूच नये. ‘तुम्ही’ पक्के झाले की पुरे. इंग्रजीत ‘यू’ एकच आहे, म्हणून इंग्रजी माध्यमाची मुले उद्धट होतात, हा आरोप मात्र मला मान्य नाही. इंग्रजी ती कसर ‘प्लीज’, ‘मे आय’, ‘वुड यू’ यांनी भरून काढते. मूल मराठीत येताना ते सगळे तिकडेच ठेवून येते, कारण मराठीत त्याची जागा घेणारी वाक्ये (“जरा द्याल का?”, “आत येऊ का?”) त्याला कुणी दिलेली नसतात.

दुसऱ्या बाजूच्या लोकांचा एक आक्षेप मात्र मी मनापासून गंभीर मानतो. आदराच्या नावाखाली मुलाचे तोंड बंद केले जाते. मोठ्यांना उलट बोलायचे नाही, त्यांना नाही म्हणायचे नाही. लहान मुलांवर अत्याचार करणारा माणूस पुष्कळदा ओळखीचा, घरातला, मानाचा असतो, आणि ‘काकांना नाही म्हणायचे नसते’ हे वळण त्याच्याच कामी येते. २०१२ चा पोक्सो कायदा लैंगिक अत्याचारापासून मुलांच्या संरक्षणासाठी आहे, पण अत्याचार कुणाला कळला तरच तो धावून येऊ शकतो, आणि पुष्कळदा तो मुलाने सांगितल्यावरच कळतो. म्हणून आदर शिकवणाऱ्याने त्याच दिवशी नकारही शिकवावा, त्याच आदरार्थी रूपात. “नको काका, मला हात लावू नका.” “मी एकटा येणार नाही, आईला विचारा.” “बाबा, तुम्ही बेरीज चुकलात, पुन्हा बघा.” “सर, तुम्ही सांगितलेले मला पटले नाही, कारण...” ही वाक्ये मोठ्याने म्हणवून घ्यावीत. ‘तुम्ही’ आणि ‘नाही’ एका वाक्यात बसतात हे मुलाच्या जिभेला कळले पाहिजे. पाया पडण्याचेही तसेच. दसऱ्याला सोने द्यायला, दिवाळीला फराळाला पोरे घरोघर जातात, पाया पडतात. छान रीत आहे. पण एखाद्या माणसाच्या पाया पडायला मूल मागे सरकले तर त्याची मान धरून वाकवू नये. घरी आल्यावर एकट्यात कारण विचारावे.

आता पुन्हा त्या सालदाराकडे. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि नवे ठरते. पैसे, धान्य, कपडे, उचल, सगळे त्या दिवशी बोलून होते. त्यात भाषेचा करार कुणी करत नाही, आणि ती वर्षभर एकेरीच चालते. पूर्वी गावकीत जातीची उतरंड वयापेक्षा मोठी होती. वरच्या घरातले शेंबडे पोरही खालच्या मानलेल्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला नुसत्या नावाने हाक मारत असे, आणि तो म्हातारा त्या पोराला ‘दादा’ म्हणत असे. हे पुष्कळ कमी झाले आहे, संपलेले नाही. तेच गाव दुसरीकडे आजोळच्या प्रत्येक पुरुषाला मामा म्हणते, शेजारच्या प्रत्येक बाईला काकू म्हणते. म्हणजे नाते जोडण्याची रीत आपल्याकडे आहे. ती काही दारांपाशी येऊन थांबते.

काही शेतकरी म्हणतात, सालदाराला अहो-जाहो केले तर तो ऐकेल का, कामाला लागेल का. कामाला तो लागतो ठरलेल्या सालावर, वेळेवर मिळालेल्या उचलीवर. ‘उनात’ म्हटल्याने कपाशीची एक ओळ निंदायची राहत नाही. आणि मालकाला स्वतःची सवय एका रात्रीत बदलता येत नसेल, तर निदान पोरापुरते एवढे करावे: या आखाजीला साल ठरवताना त्याला शेजारी बसवावे, आलेल्या माणसाचे वय त्याला सांगावे, आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हाती देऊन सांगावे, “जा, नानांना म्हण, पाणी घ्या.”